साहेब नसताना घेतलेली परीक्षा

दौऱ्यावर गेलेल्या अधिकाऱ्याला कार्यालय नेहमीसारखे कधीच दिसत नाही. नोंदवह्या अद्ययावत असतात, अर्जदारांची रांगही शिस्तीत उभी असते. पाहणारा आला की पाहायची गोष्टच बदलते. संगणकीय सेवांची रचना करणाऱ्यांनाही हीच अडचण आली, आणि तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय प्रशासनाने अभ्यासावा असा आहे.

वापरणाऱ्याला विचारून वस्तू घडवण्याची पद्धत संगणकापेक्षा जुनी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डाइनिंगर यांनी दूरध्वनीच्या बटणांच्या अनेक मांडण्या लोकांकडून वापरून घेतल्या व 1960 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1985 मध्ये गोल्ड व लुइस यांनी तीन सूत्रे मांडली : वापरणाऱ्यांकडे आरंभापासून लक्ष, प्रत्यक्ष मोजमाप आणि पुनःपुन्हा सुधारणा. परंतु हे सारे प्रयोगशाळेत, निरीक्षकाच्या नजरेखाली चाले.

1996 मध्ये हार्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाचे जाळे हीच प्रयोगशाळा मानावी, असा विचार मांडला. माणूस आपल्या घरी, आपल्या यंत्रावर काम करील आणि अडला की स्वतःच कळवील. पुढे या विचारातून साधने तयार झाली. नेमून दिलेले काम पडद्यावर येते, टिचक्या व वेळ आपोआप नोंदले जातात, निरीक्षक नसतोच. खर्च घटला, सहभागींची संख्या वाढली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे विचारील : स्वस्ताईची किंमत कोणी मोजली? 2007 साली डेन्मार्कमधील संशोधकांनी तुलना केली. निरीक्षक दुरून पण त्याच वेळी पाहत असेल, तर निष्कर्ष प्रयोगशाळेच्या जवळपास येतात. निरीक्षकाविना घेतलेल्या चाचणीत तज्ज्ञांचा वेळ वाचतो, पण दोष कमी सापडतात. माणूस कोठे थांबला हे आकडा सांगतो. का थांबला हे बहुधा सांगत नाही.

आपल्याकडे यापेक्षाही मोठा धोका निवडीचा आहे. अशा चाचणीत भाग घेण्यासाठी जाळे, यंत्र आणि भाषा आधीच हाताशी असावी लागते. म्हणजे जो अडणार, तो परीक्षेलाच बसत नाही! 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाच्या लसीकरणासाठी कोविनवर आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. 24 मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा द्यावी लागली. 31 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीवर बोट ठेवले. हिंदी व मराठीसह प्रादेशिक भाषा जूनमध्ये आल्या. ज्यांना इंग्रजी पडदा वाचता येत नव्हता, त्यांच्यासाठी मे महिना म्हणजे साथीच्या ऐन भरातला महिना होता.

दोष साधनाचा नव्हे. सेवा खुली करण्यापूर्वी निरीक्षकाविना चाचणी जरूर घ्यावी; मात्र तिचे सहभागी शिधापत्रिकेच्या, निवृत्तिवेतनाच्या रांगेतून निवडावेत, त्यांचाच साधा फोन आणि त्यांचीच भाषा वापरावी. अर्ध्यावर सुटलेल्या अर्जांची नोंद पूर्ण झालेल्या अर्जांइतकीच काळजीपूर्वक ठेवावी. नंतर जेथे बहुसंख्य अडले, त्या एका रकान्यापाशी अधिकाऱ्याने चार-पाच अर्जदारांशेजारी बसावे आणि काही न सांगता पाहावे. पोर्टलवर किती अर्ज आले, हा आकडा प्रत्येक आढाव्यात मांडला जातो. किती जण आले आणि अर्ज न करताच परतले, हा रकानाही त्याच तक्त्यात हवा.