तीन पायांची शेगडी का डगमगते?



चार पायांचं टेबल डगमगलं की आपण जमिनीला दोष देतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. एका पायाखाली कागदाची घडी सारली की काम भागतं. पण तीन पायांची वस्तू डगमगू लागली तर? तीन टेकू कुठेही ठेवा, तिन्ही जमिनीला लागतातच. आपल्याकडची चूल तीन दगडांची असते ती उगाच नाही. विकर्स मशीनगन तिवईवर बसायची. आपल्या 81 मिमी मॉर्टरला बेस प्लेट आणि बायपॉडचे दोन पाय धरले तर तीनच टेकू. उबडखाबड जमिनीवर सैनिकाला वस्तू स्थिर हवी असेल तर तो चौथा पाय लावत नाही.

म्हणून तीन पायांची वस्तू हलते तेव्हा जमीन निर्दोष असते. दोष वस्तूच्या अंगात असतो. आज हे लिहितोय ते एका मोठ्या गोल शेगडीच्या निमित्ताने.

शिलाँगच्या पोस्टिंगमध्ये आमच्या मेसला कोळशाची एक मोठी झाकणाची शेगडी होती. खाली अर्धा गोळा, वर अर्धा गोळा, मधे जाळी, आणि तीन पाय. इंग्रजीत तिला केटल ग्रिल म्हणतात. आमची स्थानिक बनावटीची होती, तोंडाचा व्यास 36 इंच. बड्या खान्याला तिच्यात आठ-दहा किलो कोळसा पेटायचा आणि भोवती जवानांची पोरंबाळं पळायची. पाय हलू लागले तेव्हा कुणीतरी एका पायाखाली वीट सरकवली. मी ईएमईचा माणूस, वीट बघून माझ्या पोटात गोळा आला. तीन पायांच्या वस्तूचा तोल एका त्रिकोणात असतो, आणि हा त्रिकोण चौकोनापेक्षा लहान. एक पाय आत सरकला की वजन त्रिकोणाबाहेर जातं आणि सगळी शेगडी निखाऱ्यांसकट आडवी होते. चार पायांची वस्तू आधी डुगडुगून इशारा देते. हिचा इशारा म्हणजे हा सांध्यातला खेळ, आणि तोच आपण विटेने झाकत होतो.

ही शेगडी आली कुठून, त्याची गोष्ट आपल्यासारख्या फौजी माणसांनी ऐकण्यासारखी आहे.

1944 साली, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठी एका कायद्यावर सही केली. शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी सरकारी हमीचं कर्ज, ही त्यातली मोठी कलमं. लाखो माजी सैनिकांनी त्यावर शहरांबाहेर घरं घेतली. घरामागे अंगण आलं, आणि अंगणात रविवारी मांस भाजायची पद्धत वाढली. इंधन आधीपासून तयार होतं. 1920 च्या दशकात हेन्री फोर्डच्या मिशिगनमधल्या कारखान्यात गाड्यांच्या लाकडी भागांतून भुसा आणि तुकडे उरायचे. त्यांच्या कोळशाच्या वड्या करून फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतूनही त्या विकल्या जात. पुढे त्याच वड्या किंग्सफर्ड या नावाने घरोघरी गेल्या.

अडचण शेगडीची होती. ती उघडी असायची. वाऱ्याने राख उडायची, पावसाने आग विझायची, चरबी पेटून मांस करपायचं. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा एक माणूस काम करायचा. तिथे पत्र्याचे अर्धगोल जोडून बंदरात तरंगणारे बोये बनायचे. 1952 मध्ये त्याने त्या बोयाच्याच गोळ्याची शेगडी केली. खालच्या अर्ध्याला तीन पाय, वरच्या अर्ध्याला मूठ, हवेसाठी भोकं. झाकण लावलं की वारा-पाऊस बाहेर, आणि हवा किती द्यायची ते आपल्या हातात. आज जगभर दिसणारी गोल शेगडी ती हीच.

आता बोया पाण्यात तरंगतो, त्याला पाय लागत नाहीत. गोल बुडाच्या भांड्याला जमिनीवर उभं करायचं तर पाय बाहेरून जोडावे लागतात. तीनच पाय म्हणजे अंगणातल्या गवतावर, उतारावर शेगडी बसणार. हिशोब पक्का होता. पण त्या हिशोबाचा सगळा भार तीन छोट्या सांध्यांवर आला. अशा बहुतेक शेगड्यांत भांड्याच्या बुडाला आखूड नळकांडी वेल्ड केलेली असतात आणि पायाचा पाइप त्यात नुसता दाबून बसवलेला असतो. ना बोल्ट, ना आटे. दुकानातून डब्यात घालून न्यायला आणि घरी जोडायला हे सोपं.

नळकांडं पाच सेंटिमीटरचं आणि पाय साठ सेंटिमीटरचा धरा. सांध्यात एक मिलिमीटरचा खेळ आला तर पायाच्या टोकाला तो बारा मिलिमीटर होतो. आणि खेळ येतोच. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे ॲल्युमिनियमचा पाय स्टीलच्या नळकांड्यात दर वेळी तापून आवळतो आणि निवून सैल होतो. शिवाय लाकडी कोळशाची राख भिजली की तिचं क्षारयुक्त पाणी ॲल्युमिनियम खातं. स्टीलचा पाय असेल तर त्याला गंज चढतो. मेघालयातला पाऊस आणि उघड्यावर ठेवलेली शेगडी, अजून काय सांगू?

आमच्या वर्कशॉपला एक गढवाली उस्ताद होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी शेगडी थंड करून रिकामी केली, उलटी टाकली आणि प्रत्येक पाय बुडापाशी धरून हलवला. म्हणाले, "टांग नहीं, जोड़ देखो." तिन्हींपैकी दोन सांधे सैल निघाले. मग आम्ही केलं ते असं.

पाय उपसून काढले. नळकांड्यातला आणि पाइपवरचा गंज कानस आणि पॉलिश पेपरने साफ केला. रेशनच्या रिकाम्या डब्यातून पत्र्याची पट्टी कापली, पाइपच्या टोकाला एक वेढा दिला आणि पाय लाकडी हातोड्याने ठोकून तळापर्यंत बसवला. मग नळकांडं आणि पाइप यांच्या आरपार भोक पाडून स्टेनलेसचा बोल्ट घातला. नायलॉनचा नट उस्तादांनी बाजूला ठेवला. उष्णतेने नायलॉन मऊ पडतं आणि नट सुटतो. त्याऐवजी स्प्रिंग वायसर आणि एकावर एक दोन नट. शेवटी तिन्ही पायांना जमिनीपासून वीतभर उंचीवर पट्ट्यांनी त्रिकोणात बांधलं. वजन आलं की पाय बाहेर फाकू बघतात, त्यांना हा त्रिकोण धरून ठेवतो.

मी विचारलं, "उस्ताद, सरळ वेल्डिंग का नको?" त्यांनी भांड्यावरच्या काळ्या इनॅमलवर नख वाजवलं. इनॅमल म्हणजे भाजलेली काचच. वेल्डिंगच्या झटक्याने ती तडकते, तडकेतून पाणी शिरतं, आणि आज पक्का केलेला पाय दोन पावसाळ्यांत भांड्याच्या पत्र्यासकट सुटून येतो. बोल्ट पुन्हा आवळता येतो.

उस्तादांनी खालची वीट उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. "इसका काम वहाँ है," एवढंच म्हणाले.

फौजेत असो की निवृत्तीनंतरच्या घरी, आपण सगळे विटा सारण्यात पटाईत आहोत. गाडी, पंप, जनरेटर, गच्चीची टाकी, कशाखालीही काहीतरी सारून दिवस ढकलतो. चार पायांना ते चालतं, कारण तिथे दोष जमिनीचा असू शकतो. जिथे तीनच टेकू आहेत तिथे एकही टेकू जास्तीचा नसतो. तिथे सांधाच बघावा लागतो.

तुमच्या सोसायटीत, फार्महाउसवर किंवा युनिटच्या मेसमध्ये अशी गोल शेगडी असेल तर पुढच्या पार्टीआधी, थंड असताना, तिला उलटी करा. तिन्ही सांधे हाताने हलवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि दुरुस्त झाली तरी पेटवायची उघड्यावरच. निखाऱ्यांचा वायू बंद खोलीत माणसाला झोपेतच घेऊन जातो, हे थंडीच्या पोस्टिंगवर राहिलेल्यांना मी वेगळं सांगायला नको.

जय हिंद.