पेनल्टीला गोलकीपरचा पाय कुठे हवा? ऑफसाइडची रेषा नेमकी कुठून मोजतात? फुटबॉलमधल्या दोन न संपणाऱ्या वादांची गोष्ट

२१ एप्रिल २०२४. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कपची सेमीफायनल सुरू होती. मँचेस्टर युनायटेड ३-० ने पुढे होतं आणि समोर होता दुसऱ्या श्रेणीतला कॉव्हेंट्री सिटी. कॉव्हेंट्रीने तीन गोल फेडले, सामना जादा वेळेत गेला आणि अगदी शेवटच्या क्षणी व्हिक्टर टॉर्पने चौथा गोल मारला. खेळाडू धावत सुटले, स्टँडमध्ये माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मग व्हीएआरने रेषा आखल्या. गोलच्या आधी पास घेताना हाजी राइटचा पाय किंचित पुढे होता. ऑफसाइड. गोल रद्द झाला, निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला आणि तिथे कॉव्हेंट्री ४-२ ने हरलं.

फुटबॉल चाहत्यांची सगळ्यात जास्त भांडणं ज्या दोन गोष्टींवरून होतात, त्या दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच टीमच्या वाट्याला आल्या. हे दोन्ही नियम शंभर वर्षांहून जुने आहेत आणि दोन्ही पंचाच्या डोळ्यांचा भरवसा धरून लिहिले गेले. आता त्यांची मोजणी कॅमेरा करतो. बहुतेक वाद सुरू होतात ते इथूनच.

पेनल्टीचा नियम आला कुठून?

हा नियम सुचवला एका गोलकीपरनेच. आयर्लंडमधल्या मिलफर्ड गावचे विल्यम मॅकक्रम यांनी हा प्रस्ताव मांडला आणि फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाने, म्हणजेच 'आयफॅब'ने, तो जून १८९१ मध्ये मंजूर केला. गोल होणार असं दिसलं की प्रतिस्पर्ध्याला पाडायचं किंवा चेंडू हाताने अडवायचा, याला आळा घालणं हा त्यामागचा हेतू होता.

सुरुवातीला गोलकीपरला भरपूर मोकळीक होती. तो सहा यार्डांपर्यंत पुढे येऊ शकत असे. १९०५ मध्ये त्याला गोलरेषेवर थांबायला सांगण्यात आलं. १९२९ मध्ये तर किक बसेपर्यंत पाय हलवायलाही बंदी आली. रेषेवरच डावी-उजवीकडे सरकायची परवानगी मिळायला १९९७ उजाडलं. रेषा सोडून पुढे यायला मात्र तेव्हाही बंदीच होती.

कागदावर बंदी असली तरी मैदानात गोलकीपर पुढे येतच होते. २००५ च्या चॅम्पियन्स लीग फायनलचं शूटआउट पाहा. लिव्हरपूलचा येर्झी डुडेक आंद्रेआ पिर्लोची किक अडवताना रेषेपासून बराच पुढे आलेला स्पष्ट दिसतो. किक पुन्हा घ्यायला कोणी लावली नाही. लिव्हरपूल ती फायनल जिंकलं. पंच तेव्हा अशा गोष्टी बहुतेकदा सोडून देत. प्रत्येक किकला एक डोळा चेंडूवर आणि एक गोलकीपरच्या बुटांवर ठेवणं सोपं नव्हतं.

मग २०१९ मध्ये काय बदललं?

एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. आयफॅबने नियम थोडा सैल केला. किक बसताना दोन्ही पाय रेषेवर असण्याची गरज उरली नाही, एका पायाचा काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या सरळ वर असला तरी चालेल, असं ठरलं. उडी मारण्याआधी एक पाऊल पुढे टाकता यावं, हा उद्देश. पण त्याच सुमारास व्हीएआर आलं आणि ते एक पाऊल प्रत्येक किकला तपासलं जाऊ लागलं.

याचा फटका बसला तो फ्रान्समध्ये झालेल्या २०१९ च्या महिला वर्ल्डकपमध्ये. १७ जूनला फ्रान्सच्या वेंडी रेनारने नायजेरियाविरुद्ध पेनल्टी पोस्टवर मारली. गोलकीपर चियामाका नाडोझीने चेंडूला हातही लावला नव्हता. तरी तिने रेषा आधी सोडली म्हणून किक पुन्हा घेतली गेली, गोल झाला आणि फ्रान्स १-० ने जिंकलं. दोनच दिवसांनी स्कॉटलंडची गोलकीपर ली अलेक्झांडरने अर्जेंटिनाची पेनल्टी अगदी शेवटी अडवली. व्हीएआरने पाय पाहिला, किक पुन्हा झाली, गोल झाला. ३-० ने पुढे असलेलं स्कॉटलंड ३-३ वर थांबलं आणि स्पर्धेबाहेर गेलं.

त्या वेळी रेषा सोडणाऱ्या गोलकीपरला पिवळं कार्डही मिळत असे. शूटआउटमध्ये असं दोनदा झालं तर गोलकीपरच मैदानाबाहेर, अशी परिस्थिती येऊ शकत होती. स्पर्धा सुरू असतानाच शूटआउटपुरता हा कार्डाचा नियम बाजूला ठेवावा लागला. २०२० मध्ये नियमच बदलला. आता चित्र असं आहे:

- गोलकीपर पुढे आला, तरी गोल झाला: गोल ग्राह्य.
- पुढे आला आणि किक अडवली: किक पुन्हा.
- पुढे आला, पण चेंडू बाहेर गेला किंवा पोस्टला लागला: किक पुन्हा नाही. गोलकीपरच्या चुकीमुळे किक मारणारा स्पष्टपणे विचलित झाला असेल, तरच पुन्हा.
- पहिल्या वेळी गोलकीपरला समज, पुढच्या वेळी पिवळं कार्ड.

म्हणजे रेनारची ती पोस्टला लागलेली किक आज पुन्हा घेतली जाण्याची शक्यता फारच कमी.

गोलकीपरच्या हातात मुळात असतं तरी काय?

गणित त्याच्या विरोधात आहे. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. चेंडू ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. माणसाला डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायलाच ०.२ सेकंदांच्या आसपास लागतात. उरलेल्या वेळात कोपऱ्यापर्यंत पोहोचणं जवळपास अशक्य. म्हणून गोलकीपर अंदाज बांधतो आणि किक बसता बसता उडी घेतो.

ही उडी नेहमी शहाणपणाची असते का? २००७ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या. जवळपास ९४ टक्के वेळा गोलकीपरने डावीकडे किंवा उजवीकडे उडी मारली होती. पण जे मोजके गोलकीपर मध्येच उभे राहिले, त्यांनी साधारण ३३ टक्के किक अडवल्या. उडी मारणाऱ्यांचं प्रमाण १३-१४ टक्क्यांच्या आसपास होतं. संशोधकांचं म्हणणं असं, की उभं राहून गोल खाल्ला तर 'काहीच केलं नाही' असं दिसतं आणि ते गोलकीपरला नको असतं. अर्थात सगळेच मध्ये उभे राहू लागले, तर किक मारणारेही कोपरे शोधू लागतील.

अंदाज सुधारायला तयारी उपयोगी पडते. २००६ च्या वर्ल्डकप क्वार्टरफायनलमध्ये जर्मनीचा येन्स लेहमन अर्जेंटिनाच्या खेळाडूंच्या सवयी लिहिलेली चिठ्ठी मोज्यात घेऊन उभा होता. त्याने दोन किक अडवल्या. २०१४ मध्ये नेदरलँड्सने कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता गोलकीपरच बदलला. फक्त शूटआउटसाठी आलेल्या टिम क्रूलनेही दोन किक अडवल्या.

मनावर दबाव टाकणं हे तिसरं हत्यार. २०२२ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझने ओरेलियां चुआमेनीची किक होण्याआधी चेंडू लांब फेकून दिला. चुआमेनीने किक बाहेर मारली. पुढच्या वर्षी नियमात स्पष्ट लिहिलं गेलं: किकला उशीर करणं, पोस्ट, क्रॉसबार किंवा जाळीला हात लावणं अशा मार्गांनी गोलकीपरने समोरच्याचं लक्ष अनुचितपणे विचलित करायचं नाही.

किक मारणाऱ्याला मात्र धावता धावता थबकण्याची मुभा आहे. फक्त धाव पूर्ण झाल्यावर, अगदी चेंडूजवळ हुलकावणी देता येत नाही. गोलकीपरच्या बाजूने बोलणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते. फसवायचं समोरच्याने आणि पाय रोवून उभं राहायचं आम्ही!

ऑफसाइडमध्ये 'दोन माणसं' म्हणजे कोण?

आता दुसरा वाद. पास दिला जातो त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात असलेला खेळाडू चेंडूच्या पुढे असेल आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो. डोकं, धड आणि पाय मोजले जातात, हात मोजत नाहीत. बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम लागूच नाही. नुसतं त्या जागी उभं राहणंही गुन्हा नाही. चेंडू खेळला, गोलकीपरची नजर अडवली किंवा त्या जागेचा फायदा घेतला, तरच शिट्टी वाजते.

सगळा घोळ होतो तो 'शेवटून दुसरा' या शब्दांवर. बहुतेक वेळा शेवटचा माणूस गोलकीपर असतो, म्हणून लोक शेवटचा डिफेंडर पाहतात. पण गोलकीपर पुढे आलेला असेल तर?

२०१० च्या वर्ल्डकपच्या पहिल्याच सामन्यात मेक्सिकोच्या कार्लोस वेलाचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा गोल असाच रद्द झाला. गोलरेषेवर एक डिफेंडर उभा होता, त्यामुळे टीव्हीसमोरच्या अनेकांना निर्णय चुकीचा वाटला. पण गोलकीपर पुढे निघून आला होता. वेला आणि रेषा यांच्यामध्ये दोन ऐवजी एकच विरोधी खेळाडू होता. निर्णय बरोबर होता. बारा वर्षांनी कतारमध्ये पहिल्याच सामन्यात एक्वाडोरच्या एनेर वॅलेन्सियाचा तिसऱ्या मिनिटाचा गोल जवळपास याच कारणाने गेला. तिथेही गोलकीपर पुढे आला होता आणि लोकांनी तोच वाद पुन्हा घातला.

पूर्वी ही अट तीन खेळाडूंची होती. डिफेंडर पुढे सरकून सापळा लावत, खेळ सारखा थांबे. १९२५ मध्ये ती दोनवर आली आणि इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमधले गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. एका आकड्याने खेळ बदलला.

पेनल्टीच्या रिबाउंडवर ऑफसाइड असतं का?

दोन्ही वाद इथे एकत्र येतात. पेनल्टीला बाकी सगळ्यांना चेंडूच्या मागे, पेनल्टी एरियाबाहेर थांबावं लागतं. चेंडूच्या मागे असलेला खेळाडू ऑफसाइड असूच शकत नाही. म्हणून गोलकीपरने अडवलेल्या चेंडूवर धावत येऊन गोल मारणं वैध आहे. शूटआउटमध्ये मात्र रिबाउंड नसतो.

चालू खेळात याच्या उलट होतं. ऑफसाइड स्थितीत उभ्या असलेल्या स्ट्रायकरकडे गोलकीपरने अडवलेला चेंडू आला आणि त्याने गोल मारला, तर तो गोल रद्द. डिफेंडरने ताबा ठेवून, ठरवून खेळलेला चेंडू मिळाला तर ऑफसाइड पुसलं जातं. पण गोल वाचवण्यासाठी केलेली धडपड त्यात धरत नाहीत.

मग इतक्या बारीक मोजणीची गरज आहे का?

सेकंदाला ५० चित्रं टिपणारा कॅमेरा घेतला, तर दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदांचं अंतर असतं. सेकंदाला आठ मीटर धावणारा स्ट्रायकर तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे पास नेमका कोणत्या चित्रात निघाला, यावर बोटभर ऑफसाइड अवलंबून! म्हणूनच कतारमध्ये छताखाली १२ कॅमेरे लावून प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू मोजले गेले. चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता.

यामुळे चुका कमी झाल्या, पण प्रश्न तसाच राहिला. आक्रमकाला अन्याय्य फायदा मिळू नये म्हणून हा नियम आहे. बुटाचं टोक पुढे असल्याने कोणता फायदा होतो? आर्सेन वेंगर यांनी सुचवलेला पर्याय असा, की आक्रमकाच्या शरीराचा कोणताही भाग डिफेंडरच्या बरोबरीत असेल तर तो ऑनसाइड धरावा. काही स्पर्धांमध्ये त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. विरोधकांचं उत्तरही सोपं आहे: रेषा सरकेल, पण नव्या रेषेवरही सेंटिमीटरचाच वाद होईल.

आणि आपल्याकडे?

मार्च २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलची फायनल शूटआउटवर गेली. हैदराबादचा गोवेकर गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी याने केरळा ब्लास्टर्सच्या तीन किक अडवल्या आणि हैदराबाद ३-१ ने जिंकलं. पुढच्या वर्षी बंगळुरूत सॅफ चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये गुरप्रीतसिंग संधूने कुवेतची निर्णायक किक रोखून भारताला जिंकून दिलं.

फातोर्ड्याच्या त्या फायनललाही व्हीएआर नव्हतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघांचा सामना असो किंवा मुंबईतली एखादी स्थानिक लीग, तिथेही ऑफसाइड ठरतं ते झेंडा घेऊन पळणाऱ्या सहायक पंचाच्या नजरेने. तिथे त्याच्याशी वाद घालण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. पास निघाला तेव्हा गोलकीपर नेमका कुठे होता? आणि पेनल्टी असेल, तर किक बसताना त्याचा मागचा पाय रेषेवर होता की नव्हता?