उघडें दार आणि सूचनेचा कागद

कन्हान नदीच्या कांठीं उंच दरडीवर वसलेल्या खाप्यास नगरपालिका लाभली ती १८६७ सालीं. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्यानंतर पंधरा वर्षांनीं आला. परंतु संस्था मिळणें निराळें आणि तिचा कारभार डोळ्यांनीं पाहावयास मिळणें निराळें. वेल्समधील टेनबी नगरसभेनें एका पत्रकारास सभाबंदी केली, तेव्हां न्यायालयानें १९०८ सालीं नगरसभेचाच पक्ष उचलून धरिला. वृत्तपत्रांस आंत घेण्यासाठीं पार्लमेंटास त्याच वर्षीं कायदा करावा लागला.

आमचा १९६५ चा नगरपरिषद अधिनियम अधिक उदार आहे. सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण सात दिवस आधीं द्यावी, ती कचेरींत लावावी आणि सभेचें दार, अपवाद सोडून, लोकांस उघडें असावें, असें तो सांगतो. पण सभा केव्हां भरते हेंच ठाऊक नसेल, तर उघडें दारहि भिंतीसारखेंच! पूर्वीची दवंडी मागावर बसलेल्या विणकराच्याहि कानीं पडे. कचेरींतला कागद वाचावयास त्यानें माग सोडावा, तर मजुरी बुडते. म्हणून सूचना लागली कीं नाहीं, एवढेंच पाहून भागत नाहीं. ज्यावर कर बसावयाचा त्यास ती पोंचली कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.