मॅनहॅटनचा १८११ चा नकाशा

जमिनीवर जे आहे ते मोजून कागदावर उतरवणे म्हणजे सर्वेक्षण, असे आपण पहिल्याच तासाला शिकतो. न्यूयॉर्कच्या १८११ च्या नकाशावरचे बहुतेक रस्ते मात्र तेव्हा जमिनीवर नव्हतेच. तिथे शेते होती, टेकड्या होत्या, ओढे होते.

१८०७ साली राज्याच्या विधिमंडळाने तीन आयुक्त नेमून त्यांना चार वर्षांची मुदत दिली. त्यांनी १२ अॅव्हेन्यू आणि त्यांना काटकोनात छेदणारे १५५ रस्ते आखले. साधा रस्ता ६० फुटी, दोन रस्त्यांमधली जागा सुमारे २०० फूट. ५२८० ला २६० ने भागून पाहा, मैलाला साधारण २० ठोकळे येतात. काटकोनी घरे बांधायला स्वस्त पडतात, हे आयुक्तांनी दिलेले कारण. मोकळ्या जागा कमी ठेवल्या, कारण बेटाच्या दोन्ही अंगांना पाणी आहे! हा युक्तिवाद काही टिकला नाही. १८५३ मध्ये सेंट्रल पार्कसाठी कायदा करून याच जाळीतून जागा काढावी लागली.

प्रत्यक्ष मोजणी जॉन रँडेल या तरुणाने केली. आपल्या शेतात खुंट्या ठोकणारा हा माणूस लोकांना कसा आवडावा? त्याच्या खुंट्या उपटल्या गेल्या, अतिक्रमणाबद्दल त्याला अटकही झाली. शेवटी १८०९ मध्ये मोजणीदारांना दिवसा खासगी जमिनीत शिरण्याची मुभा देणारा कायदा करावा लागला. पुढे त्याने चौकाचौकात संगमरवरी खांब रोवले. खडक लागला तिथे लोखंडी खिळे ठोकले.

त्याचे खरे काम मला वाटते ते १८१८ ते १८२० मधले शेतांचे नकाशे. एकूण ९२ पत्रके, प्रमाण एका इंचाला १०० फूट. त्यांवर जुनी कुंपणे, वाटा आणि घरे आहेत, आणि त्यांच्यावरूनच होऊ घातलेल्या रस्त्यांच्या रेघा गेल्या आहेत. काही घरे थेट रस्त्यातच येतात. गेलेल्या जमिनीची भरपाई मिळे. पण रस्त्यामुळे उरलेल्या जमिनीचा भाव वाढला म्हणून मालकाकडून आकारणीही होई.

जुना ब्लूमिंगडेल रस्ता १८११ च्या आराखड्यात बंद व्हायचा होता. तो झाला नाही. आजच्या नकाशात काटकोनांना तिरका कापत जाणारा ब्रॉडवे तो हाच. सातव्या अॅव्हेन्यूला तो जिथे छेदतो तिथे टाइम्स स्क्वेअर आहे.