लखीना पॅटर्न: संगणक नसताना सुधारलेलं कार्यालय

आमच्या डोंगरकड्यात पीककर्जाचा विषय निघाला की पहिला कागद लागतो सातबारा. गाव नमुना ७ मध्ये मालकी, १२ मध्ये पीक. आज तो मोबाईलवर निघतो. त्यामुळे ‘कॉम्प्युटर आला आणि सरकारी काम सुधारलं’ असं आपण सहज म्हणून टाकतो. पण पीएच.डी.ची तयारी करत असाल तर इथंच थांबा.

दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कशाचा हे सांगता येत नाही, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. सरकारी कार्यालयात यंत्र आणि कामाची पद्धत बहुतेक वेळा सोबतच बदलतात. मग त्यांना वेगळं कसं करायचं?

इतिहास इथं मदतीला येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. टेबलावर संगणक नव्हते. त्यांनी हात घातला तो कागदांच्या ढिगाला आणि बसण्याच्या मांडणीला. जुने कागद वर्गवारी करून लावले: ‘अ’ वर्ग कायम जपायचा, ‘ड’ वर्ग वर्षभरानं नष्ट करायचा. कोणतं काम कोणाकडे, हे ठरलं. हाच ‘लखीना पॅटर्न’ पुढे राज्यातल्या इतर कार्यालयांनी उचलला. म्हणजे यंत्राशिवाय, नुसत्या फेररचनेचा परिणाम तपासायला आपल्याकडे घरचंच उदाहरण आहे.

आता परत सातबाऱ्याकडे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पण त्याआधी हस्तलिखित आणि संगणकातला उतारा ताळून पाहावा लागला, गावोगाव चावडी वाचन झालं. कारण वारसाचं नाव सुटलेलं असेल, तर यंत्र तीच चूक अधिक वेगानं छापतं आणि कर्ज अडतं ते त्या वारसाचं.

एक सावधगिरी मात्र हवी. अहमदनगरात पद्धत बदलली, तसा अधिकारीही धडाडीचा होता. श्रेय कोणाचं? त्यासाठी बघायचं ते अधिकाऱ्याची बदली झाल्यानंतरच्या वर्षांकडे. पद्धत टिकली का, की कपाटं पुन्हा भरली?

आणि मोजायचं काय? कार्यालयात संगणक किती आले हे नव्हे. एका कागदासाठी माणसाला हेलपाटे किती पडले, ते.