मुळशीचे पाणी, भिऱ्याची वीज

मुळशी धरणावर सहल नेली की मुले विचारतात, वीजघर कुठे आहे? ते घाटाखाली, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे आहे. टाटांचे हे वीजघर १९२७ साली सुरू झाले.

धरणाची भिंत फार उंच नाही. उंची दिली ती सह्याद्रीने. मुळेचे पाणी पश्चिमेकडे वळवून नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडले आहे. गणित करून पाहू. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. त्याला ९.८ आणि ५०० ने गुणले की ४९ लाख ज्यूल येतात. एक युनिट ३६ लाख ज्यूलचे; म्हणजे साधारण १.३६ युनिट. घर्षणात व यंत्रांत काही ऊर्जा जाते, तरी एक युनिट सहज हाती लागते.

ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी हवी होती. बुडणार होती ती मावळातली भाताची खाचरे. म्हणून १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा संपला, धरण झाले.

एरवी हे पाणी पुण्यात मुठेला भेटून भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरात गेले असते. भिऱ्याहून ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. नकाशावर दोन्ही वाटा मुलांकडून रंगवून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.