बाटलीतले बळ : डिझेलमध्ये काय मिसळले गेले आणि त्याने काय साधले

१९९१ साली स्वीडनने डिझेलवर नव्या पद्धतीने कर आकारण्यास सुरुवात केली. इंधन जितके स्वच्छ, तितका कर कमी. सर्वांत स्वच्छ वर्गातील डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग इतकी खाली आणण्यात आली. शहरांच्या हवेसाठी हा निर्णय हिताचाच होता. पण थोड्याच काळात वर्कशॉपमध्ये एक अनपेक्षित तक्रार येऊ लागली. गाड्यांचे इंधनपंप अकाली झिजून निकामी होत होते. इंधन पूर्वीपेक्षा शुद्ध झाले होते आणि त्या शुद्ध इंधनानेच पंप खाल्ले होते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या अनेक डिझेल कारमधील रोटरी पंपाला इंजिनातले ऑइल मिळत नसे. त्यातून वाहणारे डिझेल हेच त्याचे वंगण. गंधक स्वतः काही वंगण नव्हे, परंतु ते काढण्यासाठी रिफायनरीत हायड्रोजनची जी तीव्र प्रक्रिया करावी लागते, तिच्यात ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली काही संयुगेही नाहीशी होतात. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारा पातळ थर हीच संयुगे देत असत. ती आहेत म्हणून पंप टिकतो, हे ती गेल्यावर उमगले.

उपाय निघाला तो अ‍ॅडिटिव्हचा. स्निग्धाम्ले किंवा त्यांची एस्टरे, तीही दशलक्ष भागांत शे-दोनशे भाग, एवढ्याने वंगणक्षमता परत आली. ती मोजण्यासाठी एक कसोटी ठरली. ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या डिझेलमध्ये एका चकतीवर ७५ मिनिटे घासायची आणि गोळीवर उमटलेला झिजेचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. युरोपीय मानकाप्रमाणे तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. बाजारातील कोणत्याही घोषणेपेक्षा हा डाग अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

अ‍ॅडिटिव्हने डिझेल गाडी सुधारते का, या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर इतिहास देत नाही. तो उलट प्रश्न करतो : त्या इंधनात उणे काय होते?

ही उणीव पहिल्यांदा नेमकी मोजली गेली ती १९३०च्या दशकात. त्यासाठी या इंजिनाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली ऑग्सबुर्गच्या कारखान्यात आपले पहिले इंजिन चालवून पाहिले, तेव्हा स्फोटाने मोजमापाचे उपकरणच उडाले. १८९७ साली प्राध्यापक मॉरित्झ श्रोटर यांनी सुधारित इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली आणि कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हा आकडा स्वप्नवत होता. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते.

मात्र ते फवारताक्षणी पेटत नाही. मध्ये अत्यल्प काळ जातो. हा काळ लांबला तर न पेटलेले इंधन साचत राहते, मग एकदम भडकते आणि इंजिन खडखडते. म्हणून डिझेल लवकर पेटणारे हवे. पेट्रोलचे नेमके उलट आहे. तिथे इंधनाने ठिणगीची वाट पाहावी, आधीच पेटू नये, अशी अपेक्षा असते. दोन्हीकडे त्रासाचे नाव एकच, ‘नॉकिंग’. औषधे मात्र परस्परविरोधी. पेट्रोलचा गुण तो डिझेलचा दोष.

१९३०च्या दशकाच्या आरंभी शेल कंपनीच्या डेल्फ्ट येथील प्रयोगशाळेत बूर्लाखे आणि ब्रूझे या संशोधकांनी डिझेलच्या या तत्परतेला मोजपट्टी दिली. आधी सीटीन आणि पुढे त्याच्या जागी सीटेन हे झटपट पेटणारे द्रव्य या पट्टीचे वरचे टोक ठरले, त्याला १०० गुण. (या नावाच्या मुळाशी देवमाशाचा लॅटिन शब्द आहे, कारण या कुळातील रसायने प्रथम देवमाशाच्या मेणातून मिळाली होती.) सीटेन क्रमांक ही संज्ञा तिथून रूढ झाली. क्रमांक वाढवणारी द्रव्येही सापडली : एथिल नायट्रेट, अमाइल नायट्रेट आणि पुढे सर्वांत प्रचलित झालेले टू-एथिलहेक्सिल नायट्रेट. उष्णता लागताच ही संयुगे फुटतात आणि ज्वलनाची साखळी सुरू करून देतात. दशलक्षात पाचशे ते हजार भाग मिसळले की क्रमांक काही अंकांनी वर जातो. पुढे जितके अधिक ओतावे, तितका दर मात्रेमागचा लाभ कमी होत जातो.

म्हणजे हे रसायन खरे आहे आणि त्याचा परिणामही खरा आहे. तरीही त्यापासून काय मिळेल, हे टाकीत आधी काय आहे यावर अवलंबून राहते. अमेरिकी मानकात डिझेलचा किमान सीटेन क्रमांक ४० आहे, युरोपात आणि भारतात तो ५१ आहे. चाळिशीतल्या इंधनावर थंड सकाळी गाडी सुरू करणाऱ्याला फरक जाणवू शकतो. ज्याचे इंधन ५१च्या वर आहे, त्याने बाटली ओतून अश्वशक्ती वाढण्याची अपेक्षा ठेवावी, याला आधार नाही. अ‍ॅडिटिव्ह उणीव भरून काढते. जिथे उणीव नाही तिथे भर घालत नाही.

इंधनात चिमूटभर काही मिसळावे आणि इंजिन पालटावे, ही आशा मात्र हवेतून आली नव्हती. पेट्रोलच्या बाबतीत ती एकदा डोळ्यांदेखत खरी ठरली होती. ९ डिसेंबर १९२१ रोजी डेटन येथे, जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत, थॉमस मिजले यांनी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात वापरून पाहिले आणि नॉकिंग थांबले. अत्यल्प मात्रेत एवढा परिणाम देणारे दुसरे द्रव्य तोवर कुणी पाहिले नव्हते. १९२३ साली ते विक्रीला आले ते ‘एथिल’ या नावाने. नावात शिसे कुठेच नव्हते, ही गोष्ट सहज घडलेली नव्हे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे, स्टँडर्ड ऑइलच्या जागेत हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. वर्तमानपत्रांनी त्याला वेड लावणारा वायू म्हटले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजले यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून दाखवले. स्वतः ते आधी शिशाच्या विषबाधेने आजारी पडले होते. १९२५ साली सरकारी परिषद भरली. विषशास्त्राच्या अभ्यासक अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट विरोध केला, तरी विक्री पुन्हा सुरू झाली. भारतातील पेट्रोल शिसेमुक्त होण्यास २००० साल उजाडावे लागले आणि जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये या यादीतून बाहेर पडला. इंजिनाला फायदा झाला होता, यात शंका नाही. तो कुणाच्या रक्तातून वसूल झाला, हे त्या फायद्याच्या आकड्यात दिसत नव्हते इतकेच.

या यशाच्या सावलीत पुढील दशकांत असंख्य बाटल्या, पुड्या आणि गोळ्या विकल्या गेल्या. त्यांच्या बाजूने पुरावा असे तो ग्राहकांच्या पत्रांचा. अशा पुराव्याची सर्वांत गाजलेली लढत इंधनावरून नव्हे, बॅटरीत टाकायच्या पुडीवरून झाली. तिचे नाव एडी-एक्स२. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ती निरुपयोगी ठरवली. विक्रेत्याकडे समाधानी ग्राहकांची रांग होती. १९५३ साली वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी बाजाराचा कौल संस्थेने विचारात घेतला नाही, असा ठपका ठेवून संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांचा राजीनामा मागितला. संस्थेतील शेकडो शास्त्रज्ञ राजीनाम्याच्या तयारीत उभे राहिले, देशभर गदारोळ झाला आणि मंत्र्यांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने संस्थेच्या चाचण्या योग्य ठरवल्या. अ‍ॅस्टिन पुढे १९६९ पर्यंत त्या पदावर राहिले.

समाधानी ग्राहक खोटे बोलत होते, असे मानण्याचे कारण नाही. बाटली ओतलेला माणूस त्या आठवड्यात अ‍ॅक्सिलरेटर जरा हळू दाबतो, टायरची हवा तपासतो, अ‍ॅव्हरेज वहीत लिहू लागतो. अ‍ॅव्हरेज वाढतेही. श्रेय बाटलीला जाते. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणाऱ्या शंभराहून अधिक वस्तू तपासल्या. त्यांपैकी मोजक्याच किंचित उपयोगी निघाल्या.

डिझेलच्या बाबतीत खरा फरक पडतो असे ठिकाण आणखी एक आहे : इंजेक्टरचे नोझल. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल पद्धत रस्त्यावर आली. तिच्यात डिझेल हजार बारहून अधिक दाबाने केसाएवढ्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. तिथे थोडीही काजळी बसली तर फवारा बिघडतो. युरोपातील एका प्रमाणित चाचणीत डिझेलमध्ये मुद्दाम दशलक्षात एक भाग जस्त मिसळतात. एवढ्यानेही नोझल तुंबत जाऊन इंजिनाची शक्ती मोजण्याइतकी घटते. डिटर्जंट मिसळले की ती बऱ्याच अंशी परत येते. ‘परत येते’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. जाहिरातीत त्यांच्या जागी ‘वाढते’ असे छापले की विक्री होते.

थंडीची गोष्ट आणखी सरळ आहे. डिझेलमधील मेण गोठले की फिल्टर बुजतो आणि गाडी जागची हलत नाही. मेणाचे स्फटिक मोठे होऊ न देणारी पॉलिमर द्रव्ये म्हणूनच थंड देशांत नित्याची झाली. लडाखमधील चालक वर्षानुवर्षे डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ निभावत. नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास हिवाळी डिझेल तिथे उपलब्ध झाले. रॉकेलने गोठणे लांबते, पण वंगणक्षमता घटते. स्वीडनमधील पंपांचे दुखणे इथे वेगळ्या वाटेने येऊ शकत होते.

१ एप्रिल २०२० पासून भारतभर बीएस-सहा इंधन आले आणि स्वीडनने गाठलेली दहा भागांची मर्यादा पुण्या-नागपूरच्या पंपांवरही लागू झाली. स्वीडनची फजिती मात्र इथे झाली नाही. ४६० मायक्रॉनची अट मानकातच होती आणि ती पाळण्याची जबाबदारी रिफायनरीवर होती. गाडीमालकाला आवश्यक असलेले अ‍ॅडिटिव्ह त्याने विकत घेण्यापूर्वीच टाकीत पोहोचलेले असते, आणि त्याचे नाव पावतीवर नसते.

हरवलेले वंगण परत आणण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे वनस्पती तेलापासून बनवलेले बायोडिझेल. दोनेक टक्के मिसळले तरी झीज आटोक्यात येते. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच सरकारच्या विनंतीवरून ओटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवले होते. बारा वर्षांनी त्या प्रसंगाविषयी सांगताना रुडॉल्फ डिझेलने नमूद केले की, इंजिन इतके सुरळीत चालले होते की इंधन बदलल्याचे फारच थोड्यांच्या लक्षात आले.